पूल ते केबिन: क्रूझवर ओल्या अंगाने परतताना काय घालायचं

आमच्या पहिल्या क्रूझवर ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, दोन दिवस पूलच्या काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळत बसल्या होत्या. पोहता येत नव्हतं असं नाही. ठाण्यातल्या मारोतराव शिंदे तरणतलावात त्यांनी पन्नाशीनंतर पोहणं शिकून घेतलं होतं. नवा कॉस्च्युम बॅगेत होता, पाणी दोन हातांवर होतं. विचारलं की म्हणायच्या, "तू जा गं, मी बसते इथे. वारा छान आहे." दुसऱ्या रात्री केबिनमधला दिवा मालवल्यावर खरं कारण बाहेर आलं. "पाण्यात उतरायचं मला काही नाही गं. पण परत येताना ओल्या अंगाने त्या सगळ्या माणसांतून कशी येऊ?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आपल्याकडे तरणतलावावर कपडे बदलायची खोली पाण्यापासून चार पावलांवर असते. साध्या कपड्यांत आत शिरायचं, कोरडं होऊन साध्या कपड्यांत बाहेर पडायचं. जहाजावर पूल असतो सगळ्यात वरच्या उघड्या डेकवर, केबिन चार-सहा मजले खाली. मधल्या वाटेवर लिफ्ट, गालिचे, दुकानं, कॉफीचं काउंटर, रिसेप्शन आणि संध्याकाळ झाली असेल तर नटूनथटून जेवायला निघालेली माणसं. वाट जेमतेम पाच मिनिटांची. पण त्या पाच मिनिटांचा कपडा बॅगेत नसला, तर अख्खी सहल पाण्याकडे नुसतं बघण्यात जाते. विशेषतः आपल्या घरांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचं हे फार होतं. पैसे भरलेले असतात, पोहता येत असतं, आणि तरी त्या काठावर बसून राहतात. म्हणून हा कपडा निघायच्या आदल्या रात्री नाही, निदान तीन आठवडे आधी ठरवा.

आधी नियम

जहाजागणिक बारीकसारीक फरक असतात, पण गाभा सगळीकडे सारखाच आहे. पूलच्या डेकवर कॉस्च्युममध्ये फिरलं तर कुणाची हरकत नसते. डेकचं दार उघडून आत पाऊल टाकलं की वर कपडा हवा आणि पायात चप्पल हवी. पूलच्या शेजारीच बहुतेक जहाजांवर बुफे असतो. तिथे कॉस्च्युमवर काहीतरी घालून आणि चप्पल घालून जाता येतं, पण अंगातून पाणी ठिबकत असताना खुर्चीवर बसू नये. टेबलावर वाढणारं मुख्य जेवणघर असतं, तिथे पोहण्याचे कपडे अजिबात चालत नाहीत, वरून काही घातलं तरी नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपल्याकडचे पुष्कळ लोक जातात. त्यांतल्या रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या नियमांत जेवणाच्या ठिकाणी अनवाणी पाय चालत नाहीत.

सलवार-कमीज किंवा साडी नेसून पूलमध्ये उतरू देत नाहीत. याचा राग मानू नका, कारणं खरी आहेत. सुती कपड्याचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. शिवाय ओली सलवार पायांत गुंडाळली की चांगल्या पोहणाऱ्यालाही हातपाय मारणं जड जातं. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतच्या लेगिंग्जचा नायलॉनचा कॉस्च्युम सहज मिळतो आणि तो बहुतेक ठिकाणी चालतो.

केबिनमध्ये कधीकधी पांढरा बाथरोब ठेवलेला असतो. पूलवरून केबिनपर्यंत तो घालून आलं तर बहुतेक जहाजांवर कुणी अडवत नाही, पण मी त्याच्या भरवशावर राहू नका म्हणेन. तो जाड टर्किशचा असतो, एकदा भिजला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. त्याला बटणं नसतात, नुसता पट्टा असतो, आणि जिना चढताना पुढचे दोन पदर उघडतात. सगळ्या वर्गांच्या केबिनमध्ये तो मिळतोच असंही नाही.

गाऊनवर ओढणी

आपल्याला हे सगळं नवीन वाटतं, पण त्यातलं तत्त्व आपल्या बायका रोज पाळतात. सकाळी सोसायटीच्या फाटकाशी भाजीवाला येतो तेव्हा घरातला गाऊन असतोच अंगावर, वर एक ओढणी टाकली की खाली जाता येतं. पूलवरून परतायच्या कपड्याचं कामही तेवढंच. तो बाहेर जायचा पोशाख नाही, घरच्या आणि बाहेरच्या मधला आहे.

फरक दोन गोष्टींचा. खाली भाजीला जाताना अंग कोरडं असतं आणि वारा नसतो. जहाज चालू असताना वरच्या डेकवर वारा असतोच, समुद्र कितीही शांत असला तरी, कारण जहाजाचा स्वतःचा वेग असतो. त्यामुळे ओढणी घरी ठेवा. एकतर ती उडून समुद्रात जाते, नाहीतर दाराच्या फटीत अडकते. शिवलेला, अंगात घालायचा कपडाच हवा.

कापड निवडणं

इथे थोडा वेळ द्या. माणसं रंग आणि नक्षी बघून कपडा घेतात, आणि तो भिजल्यावर काय करतो ते जहाजावर गेल्यावर कळतं.

मऊ मलमल किंवा पातळ सुती कुर्ता कोरडा असताना सुंदर दिसतो. ओल्या कॉस्च्युमवर घातला की दोन मिनिटांत अंगाला चिकटतो, रंग फिका असेल तर आरपार दिसतं, आणि झाकण्यासाठी घातलेला कपडा काही झाकत नाही. रेयॉन त्याहून वाईट, पाण्याने जड होऊन खाली ओढला जातो. जॉर्जेट आणि क्रेप लवकर वाळतात, पण पाणी शोषत नाहीत. त्यांच्या खालून पाणी थेट गालिच्यावर ठिबकतं.

चांगलं काम तीन प्रकारची कापडं करतात. पहिलं, सुरकुत्यांच्या विणीचं सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, ज्याला दुकानदार सिअरसकर म्हणतात. त्याच्या उंचवट्यांमुळे ते अंगाला सगळीकडे टेकत नाही, म्हणून चिकटत नाही, आणि इस्त्री लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण आगीच्या धोक्यामुळे जहाजांवर स्वतःची इस्त्री नेऊ देत नाहीत. दुसरं, चौकड्यांच्या खोलगट विणीचं वॉफल कापड. ते टर्किशपेक्षा हलकं असतं आणि पाणी बऱ्यापैकी शोषतं. तिसरं, पातळ टर्किश, लहान मुलांसाठी आणि थंडी बाधणाऱ्यांसाठी. टॉवेलचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात, दुकानात त्याला जीएसएम म्हणतात. ५००-६०० जीएसएमचा जाड टॉवेल हाताला छान लागतो, पण बंद केबिनमध्ये वाळत नाही. अंगावर घालायला त्याच्या निम्म्या वजनाचं कापड बघा.

रंग गडद किंवा भरगच्च छापाचा घ्या. निळा, काळसर हिरवा, मरून, जांभळा. ओलेपणाचा डाग छापावर दिसत नाही.

आता घरची परीक्षा. विकत घेतलेला किंवा घरातलाच एखादा कपडा याला उतरतो का ते असं बघा. बाथरूममध्ये कॉस्च्युम घाला, अंगावर दोन तांबे पाणी घ्या, अंग वरवर टिपा आणि तो कपडा चढवा. आरशासमोर उभ्या राहा, मागे वळून बघा, दिव्याकडे पाठ करून बघा. पंखा पाचवर लावून त्याखाली चार फेऱ्या मारा. खुर्चीवर बसा, उठा, स्टुलावर एक पाय ठेवा म्हणजे जिन्याची पायरी कळेल. मग कपडा पिळून बाथरूमच्या दांडीवर टाका आणि दार बंद करा. रात्री नऊला टाकलेला कपडा सकाळी सातला घालण्याइतका वाळला असेल तर तो घ्या. ओलाच असेल तर जहाजावरही तो ओलाच राहणार. आम्ही चार कपडे असे तपासले, त्यातला एकच टिकला, आणि तो सगळ्यात स्वस्त होता.

शिवून घ्यायचा असेल तर

तयार काफ्तान भरपूर मिळतात, पण बहुतेक डोक्यातून घालायचे असतात. ओल्या खांद्यांवरून तो खाली येत नाही, पाठीवर गोळा होतो आणि भर डेकवर हात वर करून झगडत बसावं लागतं. म्हणून पुढून उघडा असलेला शिवून घ्या. आम्ही नौपाड्यातल्या नेहमीच्या शिंप्याकडून शिवून घेतला. माप असं सांगितलं होतं: ब्लाऊजच्या छातीच्या मापापेक्षा सैलपणा ८ इंच जास्त, बाही कोपरापर्यंत आणि मुंढा मोठा, उंची पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्यापर्यंत नको. जिन्यात पुढची कड पायाखाली येते, आणि डेकच्या दाराला पुष्कळदा उंबरठा असतो, तिथे ठेचकाळायला होतं.

पुढे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकची चेन. धातूची नको, खाऱ्या हवेत ती अडकायला लागते. बटणं हवी असतील तर टिचबटणं लावा. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी काज्यातून बटण काढणं जमत नाही. बाजूचे कट गुडघ्याच्या खालीच थांबू द्या, नाहीतर वाऱ्याने बाजू उडते. उजवीकडे आतून खिसा, त्याला छोटी चेन. केबिनचं कार्ड त्यात राहतं. खालच्या कडेला दुहेरी दुमड घालायला सांगा. त्या वजनाने कपडा वाऱ्यात खाली राहतो. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड मध्यम बांध्याच्या बाईला पुरतं. टाकण्यापूर्वी कापड एकदा भिजवून वाळवून द्या, आटलं तर आधीच आटू दे.

पूर्ण बाह्यांचा कॉस्च्युम असेल तर एवढं सगळं लागत नाही. त्यावर गुडघ्यापर्यंतचा पुढून उघडा श्रग किंवा जुना सैल कुर्ता पुरतो. फक्त हे लक्षात ठेवा की जास्त कापड म्हणजे जास्त पाणी. पूर्ण कॉस्च्युममधून बराच वेळ पाणी गळत राहतं, त्यामुळे डेकवर थांबायचा वेळ वाढवा.

पुरुषांसाठी

थोडक्यात सांगते, पण सांगायला हवं. कमरेला टॉवेल गुंडाळून उघड्या अंगाने लिफ्टमध्ये शिरणारे आपलेच लोक मी पाहिले आहेत. शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्याने अवघडायला होतं. अर्ध्या बाहीचा, पुढून उघडा, पॉलिएस्टरमिश्रित शर्ट न्या आणि पूलवरून निघताना त्याची बटणं लावा. आखूड कुर्ताही चालतो. खाली तरणतलावावरची तंग नायलॉनची ट्रंक असेल तर केबिनकडे येताना तिच्यावर लवकर वाळणारी हाफपँट चढवा. सुती बर्म्युडा आणि जीन्स कापून केलेली अर्धी पँट पूलमध्ये चालत नाही, वाळतही नाही. लुंगी आणि कमरेचा पंचा वाऱ्यात सुटतात, ते केबिनच्या आत ठीक.

मुलं

मुलांना थंडी आपल्यापेक्षा लवकर वाजते. डेकवर ऊन असतं, दार उघडलं की एसीचा गार झोत येतो आणि अंगावरच्या पाण्याची वाफ होताना अंगातली उष्णता जाते. लिफ्ट येईपर्यंत पोरांचे ओठ निळे पडलेले असतात. त्यांच्यासाठी टॉवेलचाच झगा शिवा, घरी अर्ध्या तासाचं काम आहे. ३० बाय ६० इंचांचा पातळ सोलापुरी टॉवेल घ्या आणि लांबी निम्मी करून घडी घाला. घडीच्या मध्यावर १० इंचांची चीर द्या, हे डोकं घालायचं. चिरेच्या कडा पट्टी लावून शिवा, नाहीतर टर्किशचे धागे सुटतात. दोन्ही बाजू खालून वर शिवत या आणि वरचे ८ इंच हातांसाठी मोकळे सोडा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यापर्यंत येतो. त्याच्या आत उभं राहून मूल ओला कॉस्च्युम काढून कोरडी चड्डी घालू शकतं, अगदी डेकवरच. आमच्या नातीने तो घातला की ती स्वतःच निघायला तयार असते, ओरडावं लागत नाही.

डायपरमधल्या बाळांना मोठ्या पूलमध्ये घेत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी जागा असते. बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

पायांत काय

माणसं कपड्याचा विचार करतात आणि घरातली रबरी स्लिपर घालून निघतात. पडायची भीती तिथेच. डेकवर लाकडी किंवा खरखरीत फरशी असते, तिथे पाय धरून राहतो. आतल्या दालनात गुळगुळीत दगड किंवा टाइल असते, जिन्याच्या पायऱ्यांना धातूच्या कडा असतात, आणि जहाज किंचित डोलत असतं. झिजलेल्या तळाची ओली स्लिपर तिथे सरकते.

मागे पट्टा असलेली, तळाला खोल खाचा असलेली चप्पल घ्या. फ्लोटर, क्रॉक्ससारखी सँडल, काहीही, फक्त चामड्याची किंवा कापडी नको. घरी बाथरूमची टाइल ओली करा, थोडं साबणाचं पाणी टाका, बेसिनला धरून त्यावर चप्पल घासून बघा. सरकली तर ती जहाजावर नेऊ नका. दुपारी उन्हात डेक चांगलाच तापतो, म्हणून पूलच्या काठापर्यंतही चप्पल घालूनच जा. अनवाणी फिरल्याने पायाच्या बोटांमध्ये बुरशी होऊ शकते ते वेगळंच. साठीच्या पुढच्यांनी ओल्या पायाने जिना टाळावा, लिफ्टसाठी थांबावं.

आधी ठाण्यात एक फेरी

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना हा सराव घरीच करता येतो. क्लबहाऊसचा पूल खाली, घर विसाव्या मजल्यावर, मधे पोडियम, लॉबी आणि लिफ्ट. जहाजावरची वाट अशीच असते. ओल्या अंगाने लिफ्ट वापरू नये अशी पाटी पुष्कळ सोसायट्यांत लावलेली असते, ती पाळूनही हे करता येतं, कारण पुढे सांगितलेल्या क्रमाने गेलं तर अंगातून थेंब गळत नाही. एका रविवारी सगळ्या घराने ठरवलेल्या कपड्यांत ही फेरी मारा. काय टोचतं, काय उडतं, खिसा कुठे हवा होता, सगळं कळतं आणि शिंप्याकडे परत जायला वेळ असतो.

कापड आणि पंचांसाठी जांभळी नाका, तयार कपड्यांसाठी गोखले रोड आणि राम मारुती रोड. नवी मुंबईकरांना वाशीचं सेक्टर १७ सोयीचं. पंचा मात्र नक्की घ्या, माणशी दोन. पातळ सुती पंचा पाणी चटकन टिपतो, पिळला की पुन्हा वापरता येतो, तळहाताएवढी घडी होते आणि रात्रीत वाळतो. जहाजावर पूलचे मोठे टॉवेल मिळतात, पण ते पुष्कळदा केबिनच्या कार्डावर नोंदवून देतात आणि परत न केल्यास पैसे लागतात. ते पूलवरच परत करून यायचं. म्हणजे परतीच्या वाटेवर तुमच्या अंगावर जे आहे ते टॉवेलशिवायही पुरेसं असायला हवं.

जहाजावर चढल्या दिवशी

केबिन मिळाली, सुरक्षेची कवायत झाली की संध्याकाळी कोरड्या कपड्यांत पूलपासून केबिनपर्यंत एकदा चालून या. मधल्या मोठ्या दालनाजवळच्या लिफ्टला कायम गर्दी असते. जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडची लिफ्ट बहुधा रिकामी मिळते, थोडं जास्त चालावं लागलं तरी चालेल. पूलजवळ कपडे बदलायची खोली किंवा स्वच्छतागृह कुठे आहे तेही बघा. दिवसाचा कार्यक्रम केबिनमध्ये कागदावर किंवा फोनच्या ॲपवर येतो. त्यात संध्याकाळच्या जेवणाची वेळ बघून त्याच्या तासभर आधी पूल सोडा. सकाळी लवकर गेलात तर वाट जवळजवळ मोकळी असते. संकोच वाटणाऱ्यांनी पहिली डुबकी सकाळीच घ्यावी.

पाण्यातून बाहेर आल्यावर

आता मुख्य काम, क्रमाने.

पूलच्या बाजूला गोड्या पाण्याचा शॉवर असतो, त्याखाली उभ्या राहा. पुष्कळ जहाजांच्या पूलमध्ये समुद्राचंच पाणी घेतलेलं असतं. मीठ अंगावर वाळलं की कातडी ओढते आणि कपडा खरखरतो.

मग आधी केस. अंगापेक्षा जास्त पाणी केसांत असतं आणि तेच पाठीवरून गळत राहतं. केस पिळून, न्हाऊन आल्यावर गुंडाळतो तसा पंचा डोक्याला घट्ट गुंडाळा. कॉस्च्युमचं पाणी अंगावरच काढायचं: दोन्ही तळहात खांद्यापासून खाली दाबत आणा, कमरेशी थांबा, पुन्हा मांडीपर्यंत. फ्रॉकवाला कॉस्च्युम असेल तर त्याची झालर मुठीत धरून दाबा. दुसऱ्या पंचाने हात, पाय, मान टिपा. मग दहा मिनिटं उन्हात खुर्चीवर बसा. ही दहा मिनिटं वाचवू नका, लिफ्टमध्ये पाण्याचं थारोळं होतं की नाही ते इथेच ठरतं.

आता वरचा कपडा चढवा, चेन लावा. पावलं सगळ्यात शेवटी पुसा, बोटांच्या मधेही, आणि लगेच चप्पल. कार्ड खिशात आहे ना ते बघा. फोन चेनच्या प्लॅस्टिक पाऊचमध्ये. पूलचा टॉवेल परत करा आणि निघा.

बुफेत चहा घ्यायचा मोह होतोच. त्यासाठी छोट्या पिशवीत कोरडे आतले कपडे आणि एक सैल पँट ठेवा, पूलजवळच्या स्वच्छतागृहात बदला, ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. ओल्या कॉस्च्युममध्ये बराच वेळ बसल्याने बायकांना खाजेचा आणि बुरशीचा त्रास होऊ शकतो, हा माझा आग्रहाचा मुद्दा आहे.

मुंबईहून लक्षद्वीपला जाणार असाल तर एक भर घाला. ती बेटं ८ ते १२ उत्तर अक्षांशांत आहेत, ठाण्याच्या मानाने ऊन बरंच डोक्यावर असतं. वरच्या कपड्यावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांपैकी फक्त २ टक्के आत येतात. नसेल तर गडद, घट्ट विणीचं कापड पातळ पांढऱ्यापेक्षा नेहमीच बरं. याउलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य कलल्यावर डेकवर गारवा जाणवतो, तेव्हा टर्किशचा झगा मोठ्यांनाही आवडेल.

केबिनमध्ये

कॉस्च्युम लगेच गोड्या पाण्यातून काढा. लायक्रा पिळू नका, ताणाने तिचा लवचीकपणा जातो. कोरड्या पंचात गुंडाळून वळकटी करा आणि वरून दाबा. बऱ्याच जहाजांच्या शॉवरमध्ये ओढून ताणायची बारीक दोरी असते, त्यावर टाका. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे घरून नेलेले चुंबकाचे चार हुक फार उपयोगी पडतात. बाथरूमचा पंखा चालू ठेवा, दार उघडं ठेवा. बाल्कनीच्या कठड्यावर मात्र काहीही वाळत घालू नका. जहाजावर त्याला मनाई असते, आणि वाऱ्याने गेलेला कपडा परत मिळत नाही. रोज पोहणार असाल तर दोन कॉस्च्युम आणि वरचे दोन कपडे न्या, ओल्यात पुन्हा पाय घालावा लागत नाही.

शेवटच्या दिवसाचं आधीच ठरवा. पुष्कळ जहाजांवर मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्यात ओला कॉस्च्युम गेला तर ठाण्याला पोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो. शेवटची डुबकी आदल्या दिवशी दुपारपर्यंत घ्या. तरीही ओलं राहिलंच तर वेगळ्या पिशवीत, हातातल्या बॅगेत.

आमच्या दुसऱ्या क्रूझला ताई निघाल्या तेव्हा त्यांच्याकडे शिंप्याने शिवलेला जांभळा झगा होता. पहिल्याच दिवशी सकाळी सातला केबिनच्या दारात उभ्या राहून त्यांनी खिशाची चेन उघडून कार्ड दोनदा बघितलं. परत आल्या तेव्हा डोक्याला पंचा होता, पाय कोरडे होते, आणि लिफ्टमध्ये नेरुळच्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांना झग्याचं माप लिहून हवं होतं. ताईंनी मला कागद-पेन मागितलं.